विजेत्याविना एक वर्ष

कोणत्याही क्रीडासंघटनेचे जुने दप्तर चाळावयास घेतले तर त्यात सालवार विजेत्यांची एक यादी हटकून सापडते. तीत साल, विजेता, उपविजेता आणि गुणसंख्या यांपलीकडे काही नसते, आणि म्हणून ज्याला त्या गावांशी वा त्या खेळाडूंशी काही कर्तव्य नाही अशा वाचकाने थबकावे असेही तिच्यात काही नसते. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेस, बास सामुद्रधुनीपलीकडे असलेल्या टास्मानिया बेटावरील फुटबॉलची यादीही बहुतांशी अशीच आहे. मात्र १९६७ या सालापाशी येताच तिचा ओघ अडतो, कारण त्या सालासमोर राज्याचा विजेता म्हणून कोणाचेच नाव नाही. त्या वर्षी युद्धामुळे खेळ थांबलेला नव्हता, रोगाची साथ नव्हती, हंगाम अर्ध्यावर तहकूब झालेला नव्हता. बेटावरच्या तिन्ही प्रादेशिक संघटनांचे सामने यथास्थित पार पडले होते, त्यांचे विजेते ठरले होते, आणि अखेरचा सामना शेवटचा भोंगा होईपर्यंत खेळलाही गेला होता. अपुरी राहिली ती केवळ एक किक.

ती किक काय होती हे समजण्यासाठी या खेळाची थोडी ओळख करून घेणे प्राप्त आहे, कारण ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा आपल्याकडचा फुटबॉल नव्हे आणि रग्बीही नव्हे. मेलबर्नच्या काही क्रिकेटप्रेमी गृहस्थांनी, हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगे आखडून जाऊ नयेत या हेतूने तो रूढ केला, आणि १८५९ साली त्याचे पहिले नियम कागदावर उतरले. क्रिकेटवाल्यांचाच खेळ असल्यामुळे तो क्रिकेटच्याच लंबवर्तुळाकार मैदानांवर खेळला जातो. २०१२ च्या फेब्रुवारीत विराट कोहलीने श्रीलंकेविरुद्ध नाबाद १३३ धावांची जी खेळी केली ती पाहण्यासाठी आपल्यापैकी अनेकांनी घड्याळाकडे दुर्लक्ष केले असेल. ती ज्यावर झाली ते टास्मानियातील होबार्ट शहराचे बेलेरिव्ह मैदान म्हणजे क्लॅरेन्स या फुटबॉल क्लबाचे जुने ठिकाण होय. प्रत्येक बाजूस १८ खेळाडू असतात आणि चेंडू दोन्ही टोकांस निमुळता असतो. मैदानाच्या दोन्ही अंगांना एकेका ओळीत चार खांब उभे असतात, मधले दोन उंच आणि बाजूचे दोन बुटके. मधल्या दोघांत २१ फुटांचे अंतर असते. चेंडू पायाने मारून त्या अंतरातून पार केला की ६ गुण मिळतात, आणि मधला व बाजूचा खांब यांच्यामधून तो गेला तर १ गुण. या एका गुणास बिहाइंड म्हणतात. नेम चुकल्याबद्दल काही तरी पदरात टाकणारा हा नियम परक्या प्रेक्षकाला हास्यास्पद वाटतो, पण आपल्या कथेचा सारा पेच त्याच्याच भोवती आहे.

आणखी दोन नियम सांगितले की पुरे. दुसऱ्या खेळाडूने लाथाडलेला चेंडू जमिनीस टेकण्यापूर्वी झेलला, तर झेलणाऱ्यास निर्वेध किक घेण्याचा हक्क मिळतो. प्रतिपक्षाने नियमभंग केला तरीही असाच हक्क मिळतो. हा हक्क वेळ संपल्याचा भोंगा होण्यापूर्वी मिळालेला असेल तर भोंग्याने तो नष्ट होत नाही. भोंगा वाजून गेल्यावरही त्या खेळाडूने सावकाश चार पावले मागे जावे, आणि किक मारावी. त्या किकचे फळ गुणसंख्येत धरले जाते, आणि मगच सामना संपतो. म्हणजे या खेळात काळ संपणे आणि सामना संपणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि हजारो माणसांनी अतिउत्कट क्षणी त्या दोहोंतला भेद ध्यानात ठेवावा अशी नियमाची अपेक्षा असते.

आता बेटाविषयी. टास्मानियाचे क्षेत्र आपल्या केरळाच्या दुपटीहूनही कमी, आणि १९६७ च्या सुमारास लोकसंख्या उणीपुरी पावणेचार लाख. पण एवढ्याशा मुलखातही उत्तर आणि दक्षिण यांच्यातला दुजाभाव असा मुरलेला की त्याची मुळे थेट वसाहतीच्या स्थापनेपर्यंत पोहोचतात. १८०४ साली दक्षिणेस डेव्हिड कॉलिन्सने होबार्टची वसाहत वसविली, आणि त्याच साली उत्तरेस विल्यम पॅटरसनच्या हाताखाली दुसरी वसाहत उभी राहिली. ४२ व्या अक्षांशावर हद्द घालून या दोन्ही वसाहती काही वर्षे निरनिराळ्या अंमलाखाली ठेवण्यात आल्या, आणि दोघांचेही वरिष्ठ दूर सिडनीत. पुढे अंमल एक झाला. मने व्हायची तेवढी झाली नाहीत. होबार्टचा माणूस मर्क्युरी हे दैनिक वाचतो, उत्तरेकडील लॉन्सेस्टनचा एक्झॅमिनर, आणि वायव्य किनाऱ्यावरचा ॲडव्होकेट. दक्षिणेचा माणूस कॅस्केडची बिअर पितो आणि उत्तरेचा बोग्जची, आणि पाहुण्याने भलत्या ठिकाणी भलती बाटली मागितली तर त्याचे अज्ञान उदार मनाने माफ होते, पण विसरले जात नाही.

फुटबॉलची घडण याच भेगांवरून झालेली होती. दक्षिणेची संघटना होबार्टच्या परिसरातली. तीत नॉर्थ होबार्ट, होबार्ट, ग्लेनॉर्की, न्यू नॉर्फोक, क्लॅरेन्स आणि सँडी बे असे सहा क्लब. उत्तरेची संघटना लॉन्सेस्टनभोवतीची, आणि वायव्य किनाऱ्यावरची नॉर्थ वेस्ट फुटबॉल युनियन ही तिसरी. १९१० साली स्थापन झालेल्या या युनियनमधील गावांची नावे किनाऱ्याने मोटार हाकीत जावे तशी एकामागून एक येतात: लाट्रोब, डेव्हनपोर्ट, ईस्ट डेव्हनपोर्ट, अल्व्हरस्टोन, पेंग्विन, बर्नी, कूई, विन्यर्ड. यांपैकी पेंग्विन हे गावाचे खरेखुरे नाव आहे, आणि त्या किनाऱ्यावर राहणाऱ्या छोट्या पेंग्विन पक्ष्यांवरून ते पडले आहे. तिन्ही संघटना आपापला हंगाम स्वतंत्रपणे खेळत, आपापला विजेता ठरवीत, आणि मग त्या विजेत्यांत राज्याच्या अजिंक्यपदाची लढत होई. वर्षभर एकमेकांची तोंडे न पाहणारी गावे या एका सामन्यासाठी समोरासमोर येत, म्हणून त्यात खेळाबरोबरच इतर पुष्कळ हिशेब चुकते करावयाचे असत.

१९६७ सालाचा आरंभच दक्षिण टास्मानियाला विलक्षण क्लेशकारक झाला. ७ फेब्रुवारीस, मंगळवारी, रखरखत्या वाऱ्यात ठिकठिकाणच्या वणव्यांनी पेट घेतला, आणि अवघ्या पाच तासांत सुमारे अडीच लाख हेक्टर मुलूख जळून गेला. ६२ माणसे दगावली, बाराशेहून अधिक घरे भस्मसात झाली, आग होबार्टच्या उपनगरांत शिरली, आणि वेलिंग्टन पर्वताच्या पायथ्याशी असलेला कॅस्केडचा मद्यकारखाना, ज्याचा उल्लेख वर थट्टेने आला, तोही तीत होरपळून निघाला. दोन-अडीच महिन्यांनी त्याच शहरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला. दुःखावर खेळ हा उतारा आहे वगैरे जे लिहिले जाते त्यावर माझा फारसा विश्वास नाही. शनिवार दुपार मात्र दर आठवड्याला येतेच, आणि घर गमावलेल्या माणसालाही ती कोठे तरी घालवावी लागते.

दुसरी एक हानी संथपणे चालली होती, आणि तिला कोणी आपत्ती म्हणत नसे. मेलबर्नचे धनाढ्य क्लब टास्मानियाचे उत्तमोत्तम खेळाडू वेचून नेत. १९६६ साली सेंट किल्डाने मेलबर्नच्या एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर कॉलिंगवूडला हरवून आपले पहिले अजिंक्यपद मिळविले तेव्हा त्या संघाचा कर्णधार डॅरेल बाल्डॉक हा लाट्रोबकडून आलेला होता आणि त्याचा सर्वांत कुशल मध्यरक्षक इयन स्टुअर्ट हाही टास्मानियाचाच. तो सामना, प्रसंगोपात्त सांगतो, अखेरच्या क्षणांतल्या एका बिहाइंडने, म्हणजे एका गुणाने, निकालात निघाला होता. १९६७ मध्ये न्यू नॉर्फोकचा पीटर हडसन हॉथॉर्नकडे गेला; पुढे गोलांच्या बाबतीत त्याच्याशी तुलना करता येईल असे खेळाडू बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. त्याच वर्षी क्लॅरेन्सच्या परिसरातला रॉइस हार्ट हा कोवळा पोरगा रिचमंडकडून खेळू लागला आणि पहिल्याच हंगामात अजिंक्य संघात चमकला. त्याला मिळविण्यासाठी रिचमंडला मोजावी लागलेली किंमत एक सूट आणि सहा शर्ट एवढीच होती, ही कथा ऑस्ट्रेलियात आजही चवीने सांगतात. एवढ्या स्वस्तात सोने विकणाऱ्या बेटाला त्याचे वैषम्य वाटले नसेल असे मानणे भाबडेपणाचे होईल.

प्रवाह एकाच दिशेने वाहत होता असे मात्र नाही. मेलबर्नमध्ये नाव कमावलेले खेळाडू कर्णधार आणि प्रशिक्षक अशी दुहेरी सूत्रे हाती घेऊन प्रादेशिक क्लबांत येत, आणि क्लबाला लौकिक व खेळाडूला स्थैर्य असा दोघांचाही लाभ होई. नॉर्थ होबार्टने असाच जॉन डिव्हाइन आणला. १९६३ च्या जिलाँगच्या अजिंक्य संघातला हा बचावपटू १९६६ च्या अखेरीस जिलाँग सोडून टास्मानियात आला, आणि त्याच्या पहिल्याच वर्षी नॉर्थ होबार्टने दक्षिणेचे विजेतेपद जिंकले. योगायोग असा की २३ सप्टेंबरला त्याचे जुने सहकारी मेलबर्नच्या मैदानावर रिचमंडकडून ९ गुणांनी हरत होते, आणि त्याला स्वतःला आठवड्याभराने एका गुणाचा असा अनुभव यावयाचा होता की जो मेलबर्नमध्ये त्याच्या वाट्याला कधीच आला नसता.

वायव्येचे विजेतेपद विन्यर्डने पटकाविले होते. इंग्लिस नदीच्या मुखाशी, टेबल केप नावाच्या सपाट माथ्याच्या कड्याच्या आश्रयाने वसलेले हे छोटेसे गाव दूधदुभते आणि बटाटे यांवर पोसलेले. तेथून पूर्वेस अठरा-वीस किलोमीटरवर बर्नी आहे, आणि ती तेव्हा या किनाऱ्याची उद्योगनगरी होती: कागदाची अवाढव्य गिरणी, पश्चिमेच्या खाणींतून आगगाडीने येणारे खनिज, आणि ते जहाजात भरणारे बंदर. या बंदराला लागून, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, वेस्ट पार्क हे मैदान आहे, आणि १९६७ चा राज्याचा अंतिम सामना सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी तेथे भरला. कागदोपत्री हे मैदान विन्यर्डचे नव्हते. पण नॉर्थ होबार्टच्या समर्थकांना तेथे पोहोचण्यासाठी जवळजवळ सबंध बेट, तीनशेच्या आसपास किलोमीटर, ओलांडून यावे लागत होते, आणि विन्यर्डच्या माणसाला जेवून निघाले तरी चालत होते. प्रेक्षागार कोणाच्या बाजूचे होते हे सांगावयास नको.

सामना अटीतटीचा झाला. अखेरच्या क्षणांत विन्यर्ड एका गुणाने पुढे होते. त्यावेळी नॉर्थ होबार्टचा आघाडीचा गोल करणारा खेळाडू डिकी कॉलिन्स, ज्याचे आडनाव होबार्टच्या संस्थापकाचेच असावे हा निव्वळ योगायोग, गोलच्या समोर, फारसे अंतर नसलेल्या जागी, चेंडू घेऊन उभा होता आणि पंचाने त्याला किकचा हक्क दिला होता. तेवढ्यात भोंगा झाला.

प्रेक्षक कुंपण ओलांडून आत धावले. त्यांतल्या पुष्कळांना सामना संपला, आपण जिंकलो, एवढेच कळले असावे; भोंगा ऐकून मैदानात धावून जाणे ही त्या काळी सर्वत्र रूढ असलेली रीत होती आणि तिच्यात गैर काही मानीत नसत. पण काहींना खरा प्रकार पुरता उमगला होता, याचा पुरावा त्यांनी स्वतःच्या हातांनी निर्माण केला. ज्या खांबांवर कॉलिन्स नेम धरणार होता ते गोलचे खांबच त्यांनी उपटून काढले. आनंदाने वेडावलेला माणूस खेळाडूंना खांद्यावर घेतो, टोप्या उडवितो; खांब उपटण्यास मात्र किंचित कायद्याचे ज्ञान लागते. त्या काळी अंतर्मैदानात एकच पंच असे. चार पावले मागे जाऊन चेंडू मारण्यासाठी जी मोकळी जागा हवी ती त्या एकट्या माणसाला हजारोंच्या लोंढ्यात मिळवून देता येणे अशक्य होते, आणि मिळाली असती तरी मारावयाचे कोठे? पांढरा कोट घालून, हातात दोन निशाणे घेऊन गोलच्या मागे उभा राहणारा पंच ज्या दोन खांबांमधून चेंडू गेला की नाही हे पाहून निशाण हलवितो, ते खांबच आता जमिनीवर उभे नव्हते. किक झाली नाही. सामना तेथेच सोडून द्यावा लागला.

या ठिकाणी पेचाकडे नीट पाहावे, कारण तो दिसतो त्याहून अधिक काटेकोर आहे. कॉलिन्सची किक मधल्या खांबांतून गेली असती तर नॉर्थ होबार्ट ५ गुणांनी जिंकले असते. बाजूच्या खांबांमधून गेली असती तर बिहाइंडचा एक गुण मिळून सामना बरोबरीत सुटला असता. अगदीच चुकली असती तर विजय विन्यर्डचा. तिन्ही शक्यता नियमाला मान्य होत्या, आणि तिघींपैकी कोणती घडली असती हे ठरविण्याचा अधिकार त्या चेंडूखेरीज कोणासही नव्हता. इतक्या जवळून असा खेळाडू सहसा चुकत नाही, हे खरे. पण "सहसा" या शब्दावर फैसला देता येत नाही, आणि दमलेले पाय, सागरी वारा आणि ओरडणारी गर्दी यांच्यापुढे भल्याभल्यांनी याहून सोप्या किका दवडलेल्या आहेत.

राज्याच्या फुटबॉलच्या कारभाऱ्यांसमोर मग जी तकरार आली तीत दोन्ही पक्षांची कैफियत बळकट होती. विन्यर्डने म्हणावे की वेळ संपली तेव्हा फलकावर आम्ही पुढे होतो, आणि आमच्या खेळाडूंपैकी कोणीही खांबाला हात लावलेला नाही. नॉर्थ होबार्टने म्हणावे की आमचा रीतसर मिळालेला हक्क बळजबरीने हिरावून घेण्यात आला, आणि हिरावणारे कोणाचे समर्थक होते हे सर्वांना ठाऊक आहे. अखेर निवाडा असा झाला की सामन्यास निकाल नाही, आणि १९६७ चे अजिंक्यपद कोणालाच नाही. फेरसामना झालाच नाही. मला हा निवाडा रुक्ष पण न्याय्य वाटतो. विन्यर्डला विजयी ठरविले असते तर खांब उपटणे हे डावपेचाचे एक अंग होऊन बसले असते; नॉर्थ होबार्टला ठरविले असते तर न मारलेल्या किकचा गोल मंडळाच्या कचेरीत मारल्यासारखे झाले असते. नुकसान झाले ते मात्र दोघांचेही, आणि त्यांतही विन्यर्डचे अधिक असे मी म्हणेन, कारण त्या गर्दीने आपल्या संघाला वाचविण्याच्या भरात कॉलिन्स चुकण्याची, म्हणजेच न्याय्य मार्गाने जिंकण्याची, जी एक संधी शिल्लक होती तीही विन्यर्डकडून काढून घेतली. छोट्या गावाच्या वाट्याला अशी संधी फार वेळा येत नाही.

नॉर्थ होबार्टला ही उणीव भरून काढण्यास वेळ लागला नाही. १९६९ मध्ये ते पुन्हा दक्षिणेचे विजेते झाले. वायव्येत मात्र लवकरच दुसऱ्याच गावाचे राज्य आले. मेलबर्नमधील कीर्ती गाठीशी बांधून बाल्डॉक १९६९ साली आपल्या लाट्रोबला परतला, आणि त्याच्या नेतृत्वाखाली लाट्रोबने १९६९ ते १९७२ अशी लागोपाठ चार वर्षे युनियनचे विजेतेपद आपल्याकडे ठेवले; पुढे तो राजकारणात शिरून राज्याचा मंत्रीही झाला. तीन प्रदेशांच्या विजेत्यांमधील राज्यस्पर्धा सत्तरीच्या दशकात संपुष्टात आली. १९८६ पासून सबंध राज्याची एकच संघटना उभारण्याचा प्रयोग सुरू झाला, पुढच्याच वर्षी डेव्हनपोर्ट आणि कूई तीत दाखल झाले, आणि मुख्य क्लब निघून गेल्यावर नॉर्थ वेस्ट फुटबॉल युनियनने १९८६ च्या हंगामाबरोबर आपले दप्तर बंद केले. ती राज्यव्यापी संघटनाही २००० च्या पुढे टिकली नाही. नंतर पुन्हा उभारली गेली आणि पुन्हा मोडली. बेटावर एकच स्पर्धा असावी हे सर्वांना पटते, पण तिचे मुख्य ठाणे कोठे असावे या प्रश्नापाशी गाडी अडते.

तो प्रश्न आता अधिक मोठ्या आकड्यांत विचारला जात आहे. २०२३ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगने टास्मानियाला १९ व्या संघाची सनद बहाल केली, आणि हडसन, हार्ट, बाल्डॉक यांना परक्या रंगांत खेळताना पाहिलेल्या बेटाला प्रथमच स्वतःचा संघ मिळण्याचे निश्चित झाले. टास्मानिया डेव्हिल्स हे त्याचे नाव जाहीर होताच दहा-दहा डॉलर भरून दोन लाखांहून अधिक लोकांनी सभासदत्व घेतले. पण सनदेला अट अशी आहे की होबार्टच्या धक्क्याजवळ, मॅक्वारी पॉइंट येथे, छप्पर असलेले नवे स्टेडियम बांधले पाहिजे. त्याच्या खर्चावरून विधिमंडळात रणे माजली, आणि लॉन्सेस्टनकडच्या लोकांनी ताबडतोब विचारले की आमच्याकडे चांगले मैदान असताना हा पैसा दक्षिणेत कशासाठी ओतावयाचा. तेव्हा तडजोड म्हणून संघाचे काही सामने लॉन्सेस्टनला ठेवण्याचे ठरले आहे.